बाकाचा कोन आणि दंडाचा कोन

"सर, वरची छाती काहून भरत नाही हो? मी तं रोज इनक्लाइन मारतो."

अड्याळच्या एका पोराने मला हा प्रश्न विचारला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं हे गाव हनुमान मंदिरासाठी आणि घोडायात्रेसाठी ओळखलं जातं. आजूबाजूला धानाच्या बांध्या, आणि घरोघरी भरतीची तयारी करणारं एखादं तरी पोर. रस्त्यालगतच्या एका गाळ्यात जिम आहे. भिंतीवर गदाधारी मारुती, त्याच्यापुढे विझत आलेली उदबत्ती, आणि खाली गावातल्याच वेल्डिंगवाल्याने चौकोनी पाइप जोडून बनवलेले दोन बाक. एक सपाट. दुसऱ्याची पाठ वर-खाली होते, ती अडकवायला मागे तीन खाचा.

पोराची छाती खाली भरलेली होती, पण कॉलर बोनच्या लगत, गळ्याखाली, खळगा होता. खांद्याचा पुढचा गोळा मात्र चांगला टरारून आला होता. कारण कळायला त्याच्या शरीरापेक्षा त्या बाकाकडे बघणं जास्त उपयोगाचं होतं. खिशातून टेप काढला आणि बाकाची पाठ मोजली. लांबी ८० सेंटिमीटर. पहिल्या खाचेत अडकवल्यावर पाठीचं वरचं टोक बिजागरीच्या पातळीपासून ५० सेंटिमीटर वर जात होतं. दुसऱ्या खाचेत ६३, तिसऱ्या खाचेत ७५.

याचा हिशेब दहावीच्या भूमितीचा आहे. उंचीला लांबीने भागा, आलेला आकडा साइनच्या कोष्टकात शोधा. पहिली खाच ३९ अंशांची निघाली, दुसरी ५२ अंशांची, तिसरी जवळजवळ ७० अंशांची. पोरगा दुसऱ्या खाचेवर व्यायाम करत होता. "पहिली खाच नवख्यांची असते," असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणजे वर्षभर तो मनाने छाती मारत होता आणि शरीराने खांदा.

ही चूक मीही केली आहे, आणि एका वर्षात सुधारली नाही. कॉलेजात असताना दोन वर्षं मी ६० अंशांच्या आसपासच्या बाकावर रॉड ढकलत होतो. छाती होती तिथेच राहिली आणि उजवा खांदा असा धरला की शर्टाच्या बाहीत हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. तेव्हा कोणी टेप लावून दाखवला असता तर ती दोन वर्षं वाचली असती. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितो आहे.

कोन निवडायचा तर आधी स्नायू कुठून कुठे जातो ते डोळ्यांपुढे हवं. छातीचा मोठा स्नायू उघडलेल्या हातपंख्यासारखा असतो. पंख्याची मूठ दंडाच्या हाडाला, खांद्याच्या थोडी खाली, पुढच्या बाजूला चिकटलेली. पंख्याच्या काड्या तिथून पसरत जातात. वरच्या काड्या कॉलर बोनच्या आतल्या अर्ध्या भागाला, मधल्या काड्या छातीच्या मधल्या हाडाला आणि फासळ्यांच्या कूर्चांना, अगदी खालच्या काड्या पोटाच्या स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्याला. वरच्या भागाला एक नस येते, मधल्या-खालच्या भागाला तिच्याशिवाय आणखी एक. तेव्हा "अपर चेस्ट असं काही नसतंच" हे म्हणणं खरं नाही. वरचा भाग खरोखर वेगळा आहे, आणि त्याला वेगळं काम देता येतं. "इनर चेस्ट" मात्र नसतेच. काडी मुठीपासून टोकापर्यंत एकच असते. तिचा आतला अर्धा भाग तेवढा आखडवता येत नाही. दोन्ही छात्यांमधली फट किती रुंद दिसेल हे स्नायू हाडाला कुठे चिकटला आहे त्यावर ठरतं, आणि ते आईबापांकडून आलेलं असतं.

स्वतःच्या काखेची पुढची कड चिमटीत धरून पाहा. तो जाड काठ म्हणजे याच पंख्याची मूठ. तिथे एक गंमत आहे. खालून येणाऱ्या काड्या वरच्या काड्यांच्या मागून जाऊन दंडावर जास्त वर चिकटतात, वरच्या काड्या खाली चिकटतात. दोरीला एक पीळ दिल्यासारखं. हात डोक्यावर नेला की हा पीळ सुटतो आणि काखेची कड सपाट होते. आरशासमोर दहा सेकंदांत दिसेल.

स्नायूला एकच गोष्ट येते, आपल्या धाग्यांच्या दिशेने आखडणं. वरच्या काड्या कॉलर बोनकडून खाली-बाहेर दंडाकडे जातात, म्हणून त्या आखडल्या की दंड पुढे आणि वर येतो. मधल्या काड्या जवळजवळ आडव्या, त्या दंडाला छातीसमोर आत ओढतात. खालच्या काड्या वर गेलेला दंड खाली खेचतात. आता सपाट बाकावर पाठ टेकून रॉड ढकला. दंड धडाशी काटकोनात जातो, आणि सगळ्यात मोठा वाटा मधल्या काड्यांचा असतो. बाकाची पाठ उचलली की तोच रॉड सरळ आकाशाकडे ढकलताना दंड तुमच्या डोक्याच्या बाजूला सरकतो. कारण रॉडचं वजन जमिनीकडेच ओढतं, वळलेलं असतं ते तुमचं धड. दंड डोक्याकडे जितका जास्त, तितकं काम वरच्या काड्यांकडे येतं. पण त्याच दिशेला खांद्याचा पुढचा स्नायूही ओढतो, आणि पाठ आणखी उभी केली की तो छातीच्या हातातलं काम काढून घेतो. ७० अंशांवर तर तुम्ही खांद्याचाच व्यायाम करत असता, नाव काहीही द्या.

एवढ्यावरून एक सरळ गोष्ट निघते, आणि या प्रकरणात मला सांगायची आहे ती हीच. कोन बाकाचा नसतो, तुमच्या दंडाचा आणि धडाचा असतो. बाक हे तो कोन आणण्याचं एक साधन आहे. दुसरी साधनंही आहेत, आणि तोच कोन बिघडवण्याचे मार्गही पुष्कळ आहेत.

बिघडवण्याचा सगळ्यात सर्रास मार्ग म्हणजे कंबर उचलणं. ३० अंशांच्या बाकावर वजन जड झालं की पोरं कंबर वर उचलून छाती पुढे काढतात. छातीचा पिंजरा त्यामुळे मागे झुकतो आणि उरतो कदाचित १५ अंशांचा कोन. वजन उचललं जातं, कारण शरीराने गुपचूप सपाट बाक करून घेतलेला असतो. वहीत "इनक्लाइन ५० किलो" असं लिहिलं जातं, पण वरच्या छातीला त्यातलं फार थोडं पोचतं. उलट सपाट बाकावर पॉवरलिफ्टिंगवाले मुद्दाम कमान करतात, तेव्हा त्यांचा व्यायाम प्रत्यक्षात थोडा डिक्लाइनचा होतो. डोकं खाली करून झोपायच्या डिक्लाइन बाकाबद्दल म्हणूनच मी फार बोलणार नाही. मधल्या-खालच्या छातीला सपाट बाक पुरतो, रक्त डोक्यात उतरतं, आणि एकट्याने रॉड परत अडकवणं तिथे फार अवघड असतं.

प्रयोगशाळेत काय दिसलं तेही पाहू. त्वचेवर चकत्या चिकटवून स्नायूत उठणारी विजेची हालचाल मोजता येते. स्पेनमधल्या आल्मेरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये व्यायामाची सवय असलेल्या ३० जणांना ०, १५, ३०, ४५ आणि ६० अंशांच्या बाकावर झोपवलं. प्रत्येकाला त्याच्या जास्तीत जास्त वजनाच्या ६० टक्के वजन दिलं. छातीच्या वरच्या भागाची हालचाल ३० अंशांवर सगळ्यात जास्त आली. मधल्या आणि खालच्या भागाची सपाट बाकावर. खांद्याच्या पुढच्या स्नायूची ६० अंशांवर. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत ०, २८, ४४ आणि ५६ अंश तपासले गेले होते. त्यात ४४ अंशांवर वरचा भाग सपाटपेक्षा जास्त जागा झालेला दिसला, आणि मधला भाग सपाटवरच सगळ्यात जास्त. १९९५ मधल्या एका जुन्या अभ्यासात तर इनक्लाइनवर वरच्या भागाला सपाटपेक्षा फारसं जास्त काम मिळालेलं दिसलंच नव्हतं.

एक म्हणतो ३०, दुसरा ४४, तिसरा म्हणतो फरकच नाही. हे वाचून गोंधळायचं कारण नाही. रॉड कुठे धरला, कोपर किती फाकवले, कंबर किती उचलली, रॉड छातीवर कुठे टेकवला, यातलं प्रत्येक दंडाचा कोन बदलतं. बाकाचे अंश सारखे ठेवले तरी माणसं सारखी पडत नाहीत. शिवाय विजेची हालचाल म्हणजे वाढ नव्हे. वाढ बघायची तर महिनोन् महिने व्यायाम करवून स्नायूची जाडी मोजावी लागते. असा एक अभ्यास २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. ४७ नवशिक्या तरुणांचे तीन गट, आठवडे ८. एक गट फक्त सपाट, दुसरा फक्त ४४ अंश, तिसरा दोन्ही. कॉलर बोनच्या खाली, दुसऱ्या-तिसऱ्या फासळीच्या मधल्या जागी, इनक्लाइनवाल्यांची जाडी जास्त वाढली. त्याखालच्या जागी तिन्ही गट जवळपास सारखे. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. नवख्या माणसाने एकच बाक निवडायचा झाला तर थोडा वर उचललेला बाक निवडावा, खालचं नुकसान फारसं होत नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

माझं मत विचाराल तर १५ ते ३० अंश हा पट्टा बहुतेकांना पुरतो. ज्याची वरची छाती अगदीच मागे आहे त्याने ३० धरावा. ज्याचा खांदा आधीच जबर आहे, म्हणजे गवंडीकाम करणारा, धानाचे कट्टे डोक्यावर-खांद्यावर वाहणारा, त्याने १५-२० वरच राहावं. कारण त्याचा खांदा संधी मिळाली की पुढे येऊन काम खाऊन टाकतो. ४५ च्या वर जाण्याचं छातीसाठी कारण नाही.

आता जिममधल्या बाकावर हे कसं आणायचं? बाजारातल्या बऱ्याच बाकांची पहिली खाच आधीच जास्त उभी असते, आणि खाचेवर अंश लिहिलेले नसतात. टेप घ्या. पाठीची लांबी मोजा. वरचं टोक बिजागरीच्या पातळीपासून लांबीच्या निम्मं वर असेल तर ३० अंश. ८० सेंटिमीटरच्या पाठीला ४० सेंटिमीटर. २० अंशांना सव्वासत्तावीस सेंटिमीटरच्या जरा वर, १५ अंशांना एकवीसच्या आतबाहेर, ४५ ला साडेछप्पन. मोबाइलमध्येही कोन दाखवणारं अॅप असतं. पाठीवर मोबाइल ठेवला की झालं. पण टेपने एकदा मोजलं की आकडा डोक्यात बसतो.

खाच जास्त उभी निघाली तर दुसरा उपाय आहे. बाकाच्या पायांकडच्या बाजूखाली लाकडाचा रुंद ठोकळा द्यायचा. बाकाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत एक मीटर अंतर असेल तर १६ सेंटिमीटरचा ठोकळा साधारण ९ अंश कमी करतो. अड्याळच्या बाकाची ३९ अंशांची खाच त्याने बरोबर ३० वर येत होती. ठोकळा एकसंध आणि बाकाच्या पायापेक्षा रुंद हवा. विटा रचू नका. वरून माणूस आणि वजन मिळून सव्वाशे किलो हलत असताना वीट सरकते किंवा फुटते, आणि ती सरकेल तेव्हा रॉड तुमच्या तोंडावर असेल. असा उचललेला बाक डंबेलसाठीच वापरावा, कारण रॉडचा स्टँड जुन्या कोनाच्या हिशेबाने उभा असतो.

मग बाकावर पडणं. दोन्ही पाठफळ्या मागे आणि खाली ओढून बाकात रुतवायच्या, पाय जमिनीत रोवायचे, ढुंगण बाकाला चिकटलेलं. इनक्लाइनवर कंबर आणि बाक यांत तळहात सरकेल एवढीच जागा. रॉड सपाट बाकावर स्तनाग्राच्या रेषेत किंवा किंचित खाली टेकतो, इनक्लाइनवर त्याच्या वर, कॉलर बोनच्या चार-पाच बोटं खाली. कोपर धडापासून सरळ काटकोनात फाकवू नका, आणि अंगाला चिकटवूही नका. दोन्हींच्या मधे, काखेत मोठी भाकर अलगद मावेल एवढी जागा. खांदा दुखणारे बहुतेक जण कोपर टोकाला नेतात. वजन कमी होणारच. सपाटवर ६० किलोचे दहा रेप्स मारणाऱ्याला ३० अंशांवर ५० किलोही जड वाटतं. त्यात कमीपणा नाही, बाक खरोखर वर उचलला असल्याची ती खूण आहे.

पहाटे गाळ्यात एकटे असाल तर रॉडला क्लिपा लावू नका. रॉड छातीवर अडकला तर एका बाजूला कलवून प्लेटा खाली पाडता येतात. क्लिपा असतील तर तो रॉड गळ्याकडे घरंगळतो. आणि अंगठा नेहमी रॉडभोवती. अंगठा मागे ठेवून पकडायची काहींना सवय असते, पण तळहाताला घाम आला की रॉड निसटतो. पाठीमागे उभं राहून "सपोर्ट" देणाऱ्यालाही सांगून ठेवा, मी म्हणेपर्यंत हात लावू नकोस, म्हटलं की सोडू नकोस.

हे सगळं बाकाबद्दल झालं. पण बाक नसेल तर? अड्याळच्या आसपासच्या कितीतरी गावांत जिम नाही. रोवणीच्या दिवसांत असलेली जिमही ओस पडते, पोरं दिवसभर चिखलात असतात. इथे आपल्या आखाड्याकडे यावंच लागतं.

आखाड्यातला जोर आठवा. दोन्ही हात जमिनीवर किंवा लाकडी हत्त्यांवर, कंबर वर, डोकं दोन्ही दंडांच्या मधे. या क्षणी दंड जवळजवळ डोक्याच्या रेषेत असतो. मग छाती दोन्ही हातांच्या मधून जमिनीला घासून पुढे जाते आणि साप फणा काढतो तशी वर येते. शेवटी दंड फासळ्यांच्या बाजूला, खाली. म्हणजे एका जोरात दंड धडाच्या मानाने उभ्या कोनापासून सपाट, आणि सपाटपासून डिक्लाइनपर्यंत फिरून येतो. आखाड्यातल्या वस्तादांनी हे अंश मोजले नव्हते. पण पैलवानाची छाती वरपासून खालपर्यंत भरीव का दिसते त्याचं निदान अर्धं उत्तर या वळणात आहे, असं मला वाटतं. अर्ध्यावर कंबर सरळ ठेवून नुसतं वर-खाली करणारी पोरं जोर म्हणून जे करतात तो जोर नव्हे.

विदर्भात ही विद्या जपणारी मोठी संस्था अमरावतीची. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभं केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपले देशी खेळ आणि व्यायाम परदेशात करून दाखवले. त्याच वर्षी बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचा 'व्यायाम ज्ञानकोश' निघायला सुरुवात झाली. पुढे त्याचे दहा खंड झाले. मराठीत शरीराच्या व्यायामावर एवढं पद्धतशीर काम झालेलं असताना आपली पोरं बाकाचे अंश मोबाइलवरच्या परदेशी व्हिडिओंतून शिकतात, याचं मला वाईट वाटतं. दोन्ही शिकायला हवं.

साध्या पुश-अपलाही कोन असतो, आणि तिथे नावं उलटी होतात. हात उंचावर, पाय जमिनीवर असा पुश-अप सोपा, आणि काम खालच्या छातीकडे झुकतं. पाय उंचावर आणि हात जमिनीवर घेतले की वरची छाती कामाला लागते, म्हणजे तो इनक्लाइन बाकाचा भाऊ. वजनाचंही मोजमाप झालेलं आहे. साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे ६४ टक्के भार येतो. पाय ३० सेंटिमीटर उंचावर ठेवले तर ७० टक्के, ६० सेंटिमीटरवर ७४ टक्के. हात ६० सेंटिमीटर उंचावर ठेवले तर ४१ टक्केच. ६० किलोचा पोरगा ओट्यावर पाय ठेवून पुश-अप काढतो तेव्हा साधारण ४२ ते ४४ किलो ढकलत असतो. पाठीवर दप्तरात दोन पायल्या धान घेतलं की त्याहून जास्त. २०१७ मध्ये जपानमधल्या एका छोट्या अभ्यासात हलक्या वजनाचा बेंच प्रेस आणि तेवढ्याच भाराचा पुश-अप ८ आठवडे करणाऱ्यांच्या छातीची वाढ सारखीच निघाली. बाक नाही म्हणून छाती नाही, असं होत नाही.

आता भरतीबद्दल, कारण अड्याळच्या गाळ्यातली निम्मी पोरं त्यासाठीच पहाटे उठतात. महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर हवी, आणि फुगवल्यावर निदान ५ सेंटिमीटर जास्त. पहिला आकडा स्नायूने वाढतो. सडपातळ पोराला सहा-आठ महिन्यांच्या बेंच आणि पुलअप्सने, आणि पोटभर डाळ, अंडी, मासे खाऊन दोन-तीन सेंटिमीटर मिळू शकतात. दुसरा आकडा मात्र बाकावर मिळत नाही. फुगवणं हे फासळ्यांचं आणि श्वासाचं काम आहे. त्यासाठी धावणं, खोल श्वास, आणि टेप लावून घ्यायचा सराव. बरीच पोरं टेप लागला की घाबरून आधीच छाती ताणतात आणि मग फुगवायला काही उरत नाही. श्वास पूर्ण सोडून सैल उभं राहायला शिकवावं लागतं.

गोळाफेकीत मात्र कोन पुन्हा येतो. भरतीत पुरुषांना ७.२६० किलोचा गोळा, महिलांना ४ किलोचा. शाळेच्या पुस्तकात वस्तू सर्वांत लांब जायला ४५ अंश सांगितलेले असतात. गोळा तसा जात नाही. एक तर तो जमिनीवरून नाही, खांद्याच्या वरून सुटतो. दुसरं, माणसाचा हात जितका वर ढकलतो तितका त्याचा वेग कमी पडतो, सपाट बाकावर जास्त वजन उचललं जातं त्याच कारणाने. म्हणून चांगल्या गोळाफेकपटूंचा कोन ४५ पेक्षा कमी, बहुधा ३५ ते ४० च्या दरम्यान असतो. गाळ्यात येणाऱ्या दोन मुलींना मी म्हणूनच ३० अंशांच्या बाकावर डंबेल देतो. छातीचं माप त्यांना नसतं, पण गोळा तर फेकायचाच असतो, आणि तो त्याच दिशेने जातो. एकीचा गोळा आधी डोळ्यांसमोरून सपाट जायचा. आता छपराच्या पत्र्याकडे बघून फेकते.

आठवड्याची मांडणी मी अगदी साधी ठेवतो. दोन दिवस छाती, मधे दोन दिवसांची विश्रांती. एक दिवस ३० अंश आधी, ताज्या अंगाने, मग सपाट. दुसऱ्या दिवशी सपाट आधी, मग ओट्यावर पाय ठेवून पुश-अप किंवा जोर. प्रत्येकी तीन-चार सेट, शेवटचे दोन रेप्स कष्टाने निघतील एवढं वजन. कोन तीन महिने बदलू नका. दर आठवड्याला नवा कोन लावणाऱ्याला वजन वाढलं की बाक बदलला, हेच कळत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कुठे दुखतं ते बोटाने दाबून पाहा. कॉलर बोनच्या खाली दुखत असेल तर कोन बरोबर. खांद्याच्या पुढच्या गोळ्यात दुखत असेल तर बाक अजून उभा आहे, किंवा पाठफळ्या सुटत आहेत. सांध्याच्या आत, टोचल्यासारखं दुखत असेल तर तो कोन सोडून द्या, कोणी काहीही सांगो. डंबेलने, तळहात एकमेकांकडे किंचित वळवून, कमी अंशांवर पुन्हा सुरुवात करा.

त्या पोराला मी हे सगळं एका दिवसात सांगितलं नाही. पहिल्या दिवशी फक्त ठोकळा दिला आणि वजन निम्म्यावर आणलं. तिसऱ्या सेटनंतर त्याने बोटांनी गळ्याखाली चाचपून पाहिलं. "सर, इथं लागून रायलं." दोन आठवड्यांनी जिमच्या मालकाने वेल्डिंगवाल्याला बोलावलं. त्याने बाक उलटा केला, खडूने खूण करायला गेला आणि विचारलं, "खाच कुठं पाडू?" पोराने टेप पुढे केला. ४० सेंटिमीटरवर एक खूण केली, सव्वासत्तावीसवर दुसरी. मग ग्राइंडर सुरू झाला आणि मारुतीच्या चित्रापर्यंत ठिणग्या उडाल्या.